एक कीबोर्ड, दोघी जणी

मराठी विभागात माझा लेख बघून आमच्या विंगमधल्या निम्म्या मुली हसणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. हसा! दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की दंड भरावा लागायचा. ‘एकोणसाठ’ म्हणजे फिफ्टी-नाईन की सिक्स्टी-नाईन, हे मी अजूनही भाजीवाल्याला दोनदा विचारून घेते. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधाराव्यात ही विनंती. मुद्द्याच्या चुका मात्र माझ्या. हा लेख इंग्लिश विभागात देणं मला खूप सोपं गेलं असतं. पण तिथे दिला नाही. का, ते पुढे कळेलच.

तर मित्रमैत्रिणींनो, विषय आहे मिनी प्रोजेक्ट. तिसऱ्या सेमिस्टरला आम्हाला पायथनचा मिनी प्रोजेक्ट होता आणि ग्रुप होते दोघा-दोघांचे. मिनी प्रोजेक्ट आपल्याकडे कसा होतो, ते तुम्हाला मी काय सांगू? सीनियरचा पेनड्राइव्ह येतो. त्यातल्या ‘लायब्ररी मॅनेजमेंट’चं ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ होतं. पुस्तकांचे पेशंट होतात, नावं बदलतात, स्पायरल बाइंडिंग होतं, झालं काम. हल्ली तर पेनड्राइव्हचीही गरज नाही. ए.आय.ला एक वाक्य सांगितलं की चहा थंड व्हायच्या आत प्रोग्रॅम तयार. मीही तेच सुचवलं होतं. पण माझी पार्टनर म्हणाली, “आपण काहीतरी छोटं करू, पण आपलं आपण करू. दोघींना खेळता येईल असं.”

पार्टनरबद्दल थोडं सांगायला हवं. ती परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बारावीपर्यंतचं गणित सोडलं तर सगळं मराठीत शिकलेली. आमची रूम एक, बेंच एक, मेसचं टेबल एक. तिचं नाव इथे लिहू नको असं तिनेच सांगितलंय, म्हणून पूर्ण लेखभर ती ‘पार्टनर’च.

आम्ही ‘पाँग’ करायचं ठरवलं. पाँग म्हणजे पडद्यावरचं टेबल टेनिस. डावीकडे एक उभी पट्टी, उजवीकडे एक उभी पट्टी, मधे चेंडू. चेंडू चुकला की समोरच्याला पॉइंट. एवढंच! १९७२ साली अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्न नावाच्या इंजिनिअरला नोलन बुशनेलने हे काम नुसतं सराव म्हणून दिलं होतं. त्यातून जो खेळ निघाला तो एका बारमध्ये ठेवला, आणि थोड्याच दिवसांत मशीन बंद पडलं म्हणून तक्रार आली. उघडून बघितलं तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता! गंमत म्हणजे त्या पाँगमध्ये प्रोग्रॅम नावाची गोष्टच नव्हती. मायक्रोप्रोसेसर नाही, सॉफ्टवेअर नाही. सगळा खेळ टी.टी.एल. चिप्सच्या सर्किटमध्ये. म्हणजे आपण डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला ज्या चिप्सचे पाय वाकडे करतो, तेच घराणं.

आमच्याकडे पायथन होतं. पायथनबरोबर ‘टर्टल’ नावाचं मॉड्यूल फुकट येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. टर्टल म्हणजे कासव. ही कल्पना लोगो नावाच्या भाषेतली. ती १९६७ साली लहान मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला केली होती. पायथनच्या टर्टलमध्ये चौकोनी आकार मुळात वीस पिक्सेल बाय वीस पिक्सेलचा असतो. तो उभा पाच पट ताणला की शंभर पिक्सेल उंचीची पट्टी तयार. म्हणजे आमच्या दोन्ही बॅट ही खरं तर ताणलेली कासवंच. चेंडू हे तिसरं कासव. आठशे बाय सहाशेची खिडकी, काळी पार्श्वभूमी, वर स्कोअर. चेंडूला दोन आकडे दिले: दर वेळी आडवा किती सरकेल आणि उभा किती सरकेल. वरच्या-खालच्या भिंतीवर आपटला की उभ्याचं चिन्ह उलटं, पट्टीवर आपटला की आडव्याचं. प्लसचं मायनस, मायनसचं प्लस. सातवीचं गणित!

डावीकडची पट्टी डब्ल्यू आणि एस या बटनांवर, उजवीकडची वर-खाली बाणांवर. डब्ल्यू दाबलं की पट्टी वीस पिक्सेल वर. साधा हिशोब. रात्री अकराला पहिल्यांदा गेम चालला, तेव्हा आम्ही अशा ओरडलो की रेक्टर मॅडम वर आल्या.

पहिल्या दिवशी चेंडू पट्टीला चिकटून बसायचा आणि जागच्या जागी थरथरायचा. आधी वाटलं लॅपटॉप गेला. मग लक्षात आलं की चेंडू पट्टीच्या आत शिरला की प्रोग्रॅम दर वेळी म्हणतोय, “आपटला, दिशा उलट कर!” आणि दिशा उलट करून तो पुरता बाहेर पडायच्या आतच पुन्हा म्हणतोय, “आपटला, उलट कर!” मग चेंडू पट्टीकडे येत असेल तरच उलट करायचा अशी अट टाकली. हे मी शोधलं, म्हणून मुद्दाम सांगतेय. कारण पुढचं मी शोधलेलं नाही.

आम्ही खेळायला लागलो आणि मी जिंकायला लागले. पाच-शून्य, पाच-एक, पाच-शून्य. पार्टनर डावीकडे, मी उजवीकडे. मला वाटलं हिला सवय नाही, हिचा हात स्लो आहे. मी तिला मोठ्या मनाने सल्लेही दिले! तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “अगं, तू बटन दाबलीस की माझी पट्टी थांबायली.”

मी म्हटलं, “काहीतरीच काय! तुझं बटन वेगळं, माझं वेगळं.”

“मला दिसायलंय ना. मी डब्ल्यू धरून ठेवलेय आणि पट्टी मधेच उभी राहायली.”

“नीट दाबत नसशील.”

ती काही बोलली नाही. तिने नोटपॅड उघडलं. एका बोटाने ‘ए’ दाबून धरला. पडद्यावर ए, ए, ए, ए अशी रांग सुरू झाली. मग तो तसाच दाबून धरून दुसऱ्या हाताने ‘एल’ दाबला. ए बंद, आणि एल, एल, एल सुरू. मग तिने एल सोडला. ए अजूनही दाबलेलाच होता, पण पडद्यावर काहीच नाही. शांत. “बघ,” ती म्हणाली, “माझं बोट अजून तिथंच आहे.”

हा प्रयोग वाचक हो, तुम्ही आजच करून बघा. दोन मिनिटं लागतात. बटन दाबून धरलं की कॉम्प्युटर ते पुन्हा पुन्हा दाबल्यासारखं करतो. याला की-रिपीट म्हणतात. पण पुन्हा पुन्हा येतं ते फक्त सगळ्यात शेवटी दाबलेलं बटन. नवीन बटन आलं की जुन्याची रांग तुटते, आणि नवीन सोडलं तरी जुनी रांग परत सुरू होत नाही. पार्टनर शांतपणे बटन धरून ठेवायची. मी सारखी टकटक टकटक दाबत असायचे. माझ्या प्रत्येक टकटकीला तिची पट्टी गोठायची. म्हणजे तीन दिवस मी जिंकत होते ते चांगलं खेळून नाही, मी शेवटी दाबत होते म्हणून!

इथे कीबोर्डचा दोष आहे का? नाही. साधारण कुठलाही कीबोर्ड दोन बटनं एकाच वेळी दाबलेली नीट ओळखतो. शिफ्टबरोबर अक्षर दाबतोच की आपण. की-रिपीट करणाऱ्यांचाही दोष नाही. ती सोय टायपिंगसाठी केलेली आहे, आणि टायपिंग एक माणूस करतो. एका माणसाने नवीन अक्षर दाबलं म्हणजे त्याचं जुनं संपलं, हे बरोबरच आहे. पण त्याच कीबोर्डवर दोघी बसल्या की तीच सोय एकीवर अन्याय करते. दोघींचं ऐकायची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची होती, म्हणजे आमची. आणि आम्ही ती की-रिपीटवर ढकलून मोकळ्या झालो होतो.

आता दुरुस्ती कशी करायची? मी इंटरनेटवर शोधायला लागले. पार्टनर गादीवर बसून विचार करत होती. मग म्हणाली, “आमच्याकडं विहिरीवरची मोटर सुरू करायला हिरवं बटन दाबतात. ते काय पाणी देऊन होईपर्यंत धरून बसतात का? दाबलं, सोडलं, मोटर चालू. बंद करायची तर लाल दाबायचं. मधी चालू का बंद ते स्टार्टर लक्षात ठेवतंय. तसं कर ना.”

मी बघतच राहिले. फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलला स्टार्टरची आकृती मी पेन्सिलने सुबक काढली होती. पूर्ण मार्क होते मला त्या आकृतीला!

तेच केलं. चार व्हेरिएबल घेतले, चार बटनांसाठी. बटन दाबलं की त्याचा व्हेरिएबल ‘ट्रू’, बटन सोडलं की ‘फॉल्स’. टर्टलमध्ये बटन दाबल्यावरचं फंक्शन ‘ऑनकीप्रेस’ने जोडता येतं आणि सोडल्यावरचं ‘ऑनकीरिलीज’ने. दाबण्याच्या फंक्शनमधून पट्टी हलवायचं काम काढूनच टाकलं. त्याचं काम फक्त नोंद ठेवणं. मग ‘ऑनटायमर’ने दर वीस मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा, एक फंक्शन चालवलं. ते चारही नोंदी बघतं. डब्ल्यू ट्रू आहे? डावी पट्टी वर. वरचा बाण ट्रू आहे? उजवी पट्टी वर. मग चेंडू सरकव, मग पडदा ताजा कर. कोण आधी बोललं, कोण शेवटी, कोण किती टकटक करतंय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. दर फेरीला ते दोघींनाही विचारतं.

त्यानंतरचा पहिला गेम पार्टनर पाच-तीन जिंकली. मी निमूटपणे खाली जाऊन तिच्यासाठी कॉफी आणली.

मग मला या प्रकरणात रस आला, म्हणून जुना इतिहास वाचला. एका मशीनवर दोघांना खेळवणं ही भानगड पाँगच्याही आधीची निघाली. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपवर टेनिस बनवलं. लॅब बघायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून! त्यात दोन्ही खेळाडूंना वेगवेगळा कंट्रोल दिला होता. १९६२ मध्ये एम.आय.टी.त स्टीव्ह रसेल आणि मंडळींनी ‘स्पेसवॉर’ हा गेम पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर तयार केला. सुरुवातीला दोघं खेळाडू कॉम्प्युटरच्याच पॅनेलवरची बटनं वापरायचे. पण ती बटनं अशा जागी होती की एकाला पडदा समोरून दिसायचा आणि दुसऱ्याला कडेने. ‘तूच नीट बघ’ असं त्या दुसऱ्याला कुणी म्हटलं नाही. ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स या दोन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या मॉडेल रेल्वे क्लबमधलं सामान गोळा करून दोन स्वतंत्र कंट्रोल बॉक्स बनवले. म्हणजे गेम चालू झाला एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. तो दोघांना सारखा चालतोय का, हेही त्यांनी बघितलं.

आमचा गेम विंगमध्ये एकदम हिट झाला. रात्री मेसनंतर टूर्नामेंट व्हायची, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची बादली भरायची. त्यातही एक चावटपणा निघाला. उजवीकडच्या एका मुलीने चालू गेममध्ये हळूच कॅप्स लॉक दाबला. झालं! डावीकडची पट्टी ठार. कारण आम्ही लहान ‘डब्ल्यू’ जोडला होता, आणि कॅप्स लॉक चालू असला की कॉम्प्युटरच्या लेखी कॅपिटल डब्ल्यू हे वेगळंच बटन. बाणांना कॅपिटल-स्मॉल काही नसतं, त्यामुळे उजवीकडच्यांना काही फरक नाही. नंतर आम्ही दोन्ही अक्षरं जोडून टाकली. सांगायचा मुद्दा, गेम लिहिला की समोरचा खेळाडू तुमच्या प्रोग्रॅमची जशी परीक्षा घेतो तशी कुठलीच परीक्षा घेत नाही. ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’मधला पेशंट कधी उठून “माझ्यावर अन्याय झाला” म्हणत नाही. शेजारी बसलेली पार्टनर म्हणते.

इथे लेख संपवता आला असता. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

व्हायवाच्या दिवशी आम्ही दोघी एक्स्टर्नलसमोर बसलो. सरांनी गेम दोन मिनिटं बघितला, आवडला असावा. मग इंग्लिशमध्ये विचारलं, “दोन्ही खेळाडूंनी एकाच वेळी बटनं दाबली तर तुम्ही काय करता?” म्हणजे नेमका तोच प्रश्न! बघत होते ते पार्टनरकडे. तिने सुरुवात केली, “सर, वी टेक फोर व्हेरिएबल...” आणि अडकली. तिला पुढचं येत नव्हतं असं नाही. पुढचं तिच्या डोक्यात विहिरीवरच्या मोटरसारखं लख्ख होतं. ते इंग्लिशमध्ये कसं आणायचं, एवढंच ती शोधत होती. दोन सेकंद गेले असतील. फार तर तीन.

आणि मी बटन दाबलं.

मी कॉन्व्हेंटमधल्या झाडून सगळ्या इंग्लिशमध्ये की-रिपीट म्हणजे काय, स्टेट म्हणजे काय, पोलिंग म्हणजे काय, सगळं धडाधड सांगितलं. सर खूश. “व्हेरी गुड” म्हणाले, पुढचे तिन्ही प्रश्न मलाच विचारले. पार्टनर गप्प. मला पंचवीसपैकी तेवीस, तिला सतरा.

मला खरंच वाटत होतं की मी तिला वाचवतेय. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “बरं झालं तू बोललीस, नाहीतर दोघींचेही मार्क गेले असते.” ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती मनापासून म्हणत होती. त्या रात्री मला नोटपॅड आठवला. तिचं बोट तिथेच होतं की.

या लेखाचा विषय हा आहे. माझं मत असं आहे की आपल्या व्हायवा, सेमिनार, प्रेझेंटेशन, सगळीकडे हा की-रिपीटचा नियम चालू आहे. जो शेवटी आणि फाडफाड बोलेल त्याचंच ऐकू येतं. यात कुणी वाईट आहे असं नाही. एक्स्टर्नल सर वाईट नव्हते. त्यांना दिवसभरात वीस-पंचवीस ग्रुप उरकायचे होते. पण दोघांच्या ग्रुपला मार्क द्यायचे असतील तर दोघांचं ऐकून घ्यायची काही सोय हवी. ती आपोआप होत नाही, मुद्दाम करावी लागते. आम्हाला चार व्हेरिएबल मुद्दाम घ्यावे लागले, तसंच.

यावर लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण मीच आधी तसं म्हणायचे. पहिलं, “कंपनीत इंग्लिशच लागतं, मग आत्तापासून सवय नको का?” हवी ना. पण ते मार्क पायथनचे होते, इंग्लिशचे नव्हते. इंग्लिशची परीक्षा घ्यायची तर वेगळी घ्या. आणि सवय बोलून होते. प्रत्येक वेळी तिसऱ्या सेकंदाला माझ्यासारखी कुणीतरी मधे तोंड घालणार असेल, तर चार वर्षांत तिला बोलायची पाळी येणार कधी?

दुसरं, “टेक्निकल विषय मराठीत सांगताच येत नाही.” अहो, कोण म्हणतंय व्हेरिएबलला ‘चल’ म्हणा आणि कीबोर्डला ‘कळफलक’ म्हणा! आपण हॉस्टेलमध्ये एकमेकांना परीक्षेच्या आदल्या रात्री कसं शिकवतो? “हा व्हेरिएबल ट्रू झाला की लूपमधून बाहेर पडायचं.” शब्द इंग्लिश, वाक्य मराठी. अख्ख्या कॉलेजचा अभ्यास या भाषेत होतो आणि फक्त व्हायवाच्या खोलीत शिरताना ती चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवतो. २०२१ साली ए.आय.सी.टी.ई.ने भारतीय भाषांमधून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, त्यात मराठीही आहे. मी तर पूर्ण डिग्री मराठीत द्या असं म्हणतच नाहीये. मी पाच मिनिटं मागतेय.

तिसरं, “एक्स्टर्नलला मराठी येत नसेल तर?” हा प्रश्न खरा आहे. तर मग पार्टनरने दुभाष्याचं काम करावं. ती मराठीत सांगेल, मी ते इंग्लिशमध्ये सांगेन, तिचं म्हणून. त्या दिवशी मी एवढंच करायला हवं होतं. “सर, ती मराठीत सांगेल, मी ट्रान्सलेट करते,” हे एक वाक्य. ते मला सुचलंच नाही. मोटरची गोष्ट ऐकून सरांनाही मजा आली असती. माझ्या ‘स्टेट’ आणि ‘पोलिंग’पेक्षा नक्कीच जास्त.

म्हणून माझ्या तीन साध्या सूचना. एक, दोघांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला निदान एक प्रश्न वेगळा विचारावा, आणि तेव्हा दुसऱ्याने गप्प बसावं. दोन, उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं ते विद्यार्थ्याने ठरवावं. इंटर्नल सर किंवा मॅडम तिथे असतातच. तीन, नुसतं तोंडी विचारण्यापेक्षा चालू प्रोग्रॅममध्ये एक बदल करायला सांगावा. “चेंडूचा वेग वाढवून दाखव.” “डाव्या पट्टीची उंची निम्मी कर.” ज्याने लिहिलंय त्याला एक मिनिट लागतं. पेनड्राइव्हवाल्यांना घाम फुटतो. आणि त्याला कुठलीच भाषा लागत नाही. या सूचना मी डिपार्टमेंटला लेखी दिल्या आहेत. त्याचं काय होईल ते होईल.

पण स्टाफपेक्षा मला माझ्यासारख्यांनाच जास्त सांगायचंय. कॉन्व्हेंटवाले मित्रमैत्रिणींनो, आपण हुशार आहोत असं लोकांना पटकन वाटतं. मग आपल्यालाही तसं वाटायला लागतं. तीन दिवस मला वाटत होतं मी पाँग छान खेळते! कुणी बोलता बोलता थांबलं तर त्याला येत नाही असं समजू नका. दोन सेकंद थांबा. चार थांबा. शांतता झाली की आपल्याला अस्वस्थ वाटतं, पण ती आपली अडचण आहे, त्याची नाही.

असो. बरंच लांबलं. हा लेख मी सगळ्यात आधी पार्टनरला वाचून दाखवला. तिने चार ठिकाणी माझं मराठी दुरुस्त केलं. व्हायवाचा भाग ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. नेहमीप्रमाणे मधे काहीतरी बोलणार होते, पण या वेळी थांबले. मग ती म्हणाली, “मार्कांचं मला वाईट वाटलं होतं. तेही लिही.”

लिहिलं.

गेम आमच्या रूममध्ये लॅपटॉपवर आहे. दुसरा मजला, जिन्याजवळची खोली. रात्री मेसनंतर कुणीही या, मात्र जोडीने या. कॅप्स लॉक दाबून उपयोग नाही, ते आम्ही बंद केलंय.